खाली बघत नाशिक : चार दिवस

पहिला दिवस

नाशिकच्या द्वारका चौकात बसमधून उतरले तेव्हा उन्हं कलली होती. सिन्नरच्या अलीकडे तासभर खोळंबा झाला होता, पण मला तक्रार नव्हती, कारण खिडकीतून बांधावरच्या गवतात पांढरी जाळी दिसत होती आणि त्याबद्दल पुढे सांगायचंच आहे. दादा घ्यायला आला होता. बॅग उचलून म्हणाला, "दगड भरलेस का यात?"

दगड नव्हते. मॅक्रो लेन्स, डोक्याला बांधायच्या दोन टॉर्च, झाकणाच्या बारा प्लास्टिक डब्या आणि गुडघ्याखाली घ्यायचा फोमचा तुकडा. लोक नाशिकला रामकुंडावर जातात, काळारामाचं दर्शन घेतात, मिसळ खातात. मी छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करते आणि सुटी मिळाली की कोळी बघत हिंडते. घरात ही गोष्ट सगळ्यांनी पचवली आहे, वहिनीने सोडून.

"जाळ्यातला कोळी ना? माळ्यावर भरपूर आहेत, जा वर," ती चहा देता देता म्हणाली.

तिचंही बरोबर आहे. कोळी म्हटलं की जाळं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मला बघायचे होते ते बिनजाळ्याचे. वुल्फ स्पायडर, म्हणजे लांडगा कोळ्यांच्या कुळातले, त्यातही पार्डोसा नावाच्या गटातले. तांदळाच्या दाण्याएवढं अंग, लांब सडपातळ पाय, रंग मातीचा. जमिनीवर धावत भक्ष्य पकडतात. जर्मन अभ्यासक सी. एल. कॉख यांनी १८४७ मध्ये या गटाला, म्हणजे प्रजातीला, हे नाव दिलं. त्यात आज जगभरातल्या पाचशेहून जास्त जाती मोडतात. ग्रीकमध्ये 'पार्डोस' म्हणजे बिबट्या. म्हणजे कुळ लांडग्याचं, नाव बिबट्याचं आणि आकार तांदळाचा.

अंधार पडल्यावर मी आणि चिन्या, म्हणजे माझा अकरा वर्षांचा भाचा, सोमेश्वरच्या बाजूला गोदावरीकाठी गेलो. कोजागिरी आदल्या रात्रीच झालेली, त्यामुळे चंद्र मोठा होता. धबधब्याला शेवटचं-शेवटचं पाणी होतं. काळ्या खडकांच्या मधे गाळ साचून गवत उगवलेलं, तिथे मी ओणवी झाले. पाच मिनिटंही झाली नसतील, फिरायला आलेले एक काका थांबले.

"काय हरवलंय का?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाइलची टॉर्च लावली आणि तेही शोधायला लागले. "कानातलं असेल. सोन्याचं का?" त्यांचा उत्साह बघून मला खरं सांगवेना. चिन्याला मात्र सांगवलं. "काका, आम्ही कोळी बघतोय. डोळे चमकतात त्यांचे."

"मला तर काहीच चमकताना दिसत नाही."

दिसणार कसं? मोबाइल त्यांनी कमरेपाशी धरला होता. या कोळ्यांच्या काही डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. आलेला उजेड तो जवळपास आल्या वाटेनेच परत पाठवतो. म्हणजे उजेड जिथून निघाला तिथेच तुमचा डोळा असायला हवा. काकांना मोबाइल कानशिलाला चिकटवायला सांगितला. त्यांनी नाइलाजाने तसं केलं, खाली बघितलं आणि "च्यायला" म्हणाले.

गवतात हिरवट निळे ठिपके होते. दवाचे थेंबही चमकतात, पण आपण मान हलवली की थेंब लुकलुकतो, रंग बदलतो. कोळ्याचा डोळा तसाच स्थिर राहतो, काचेच्या मण्यासारखा. एका ठिपक्यावर नजर ठेवून हळूहळू पुढे सरकलं की शेवटी वीतभर अंतरावर त्या ठिपक्याला पाय फुटतात. काकांनी सात मोजले. जाताना म्हणाले, "रोज इथून चालतो मी, सहा वर्षं झाली." मग थोड्या वेळाने, "चावतात का?" चावले तरी माणसाला काही होत नाही. पण आपली चाहूल लागली की ते चावायला थांबतच नाहीत.

रात्री वहिनीने उरलेलं मसाला दूध दिलं आणि विचारलं, "म्हणजे हा तो टॅरँटुला का?" प्रश्न चुकीचा नव्हता. टॅरँटुला हे नाव मुळात याच कुळातल्या एका मोठ्या कोळ्याचं, इटलीतल्या तारांतो गावावरून पडलेलं. पुढे ते अमेरिकेतल्या त्या केसाळ धिप्पाड कोळ्यांनी पळवलं. वहिनीने ऐकून घेतलं आणि माझ्या डब्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरून उचलून गॅलरीत नेऊन ठेवल्या.

दुसरा दिवस

सकाळी दिंडोरी तालुक्यात आबांच्या बागेत. आबा म्हणजे वहिनीचे वडील. चार एकर द्राक्ष, त्यातल्या अर्ध्या बागेची गोडी छाटणी नुकतीच झालेली. नाशिकला द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी, आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, ती फळासाठी. त्यामुळे या दिवसांत बागेत जावं तर सगळे एकाच विषयावर बोलत असतात, तो म्हणजे डोळे. काडीवर जिथून फूट निघते तो डोळा. डोळे फुगले का, डोळ्यांना पेस्ट लावून झाली का. छाटणीआधी आबा काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून आणतात. डोळा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड बसलाय की नुसती बाळी, ते कळतं.

"आणि तुझ्या किड्याला किती डोळे?" आबांनी विचारलं.

किडा नाही, कोळी, हे मी गिळलं. "आठ."

"आठ डोळे ठेवले तर काडीला झेपत नाहीत."

त्यांना एक दाखवायचाच असं ठरवून मी सरीत बसले. एक तासभर काही नाही. बागेचा हा भाग अगदी स्वच्छ होता, तण नाही, पान नाही, बोदाची माती नखाने कोरल्यासारखी उघडी. छाटणीनंतर डावण्या या बुरशीरोगाच्या भीतीने फवारणीचा ब्लोअर सारखा फिरत असतो. ट्रॅक्टर वळला की आम्ही लांब पळत होतो. मुंग्या दिसल्या, एक गोम दिसली. चिन्या कंटाळून आंब्याखाली मोबाइल घेऊन बसला.

मग आबांनीच सुचवलं, पलीकडच्या तुकड्यात जा, तिथे बोदावर उसाचं पाचट टाकलंय. पाण्याची ओल धरायला टाकतात. ठिबकच्या नळीपाशी पाचट उचललं आणि खालून दोन पळाले. कोळ्यांना हेच हवं असतं. वर आडोसा, खाली ओल आणि ओलीला येणारे बारीक जीव.

एक नर सापडला. ओळखायला सोपा, तोंडापुढचे दोन आखूड अवयव काळेकुट्ट, जणू बॉक्सरचे ग्लोव्ह्ज. याला पॅल्प म्हणतात. समोर अर्ध्या फुटावर एक मादी पाचटाच्या कांडीवर बसली होती. नराने उजवा पॅल्प वर केला, थांबला, मग डावा. पुन्हा थांबला. मग पोट इतकं भराभर थरथरवलं की खालचं वाळकं पान करकरलं. ती करकर मला ऐकू आली असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण पान हललेलं बघितलं. मादी पुढे आली नाही, मागेही गेली नाही. नर दोन पावलं पुढे. मग ब्लोअर परत आला आणि तिघेही आपापल्या वाटेने पांगलो.

दुपारी एक डबीत घेऊन आबांना भिंगाखाली दाखवला. तोंड समोरून बघायचं. अगदी खाली चार बारके डोळे एका ओळीत, त्यांच्यावर दोन मोठे, थेट आपल्याकडे बघणारे, आणि त्यांच्यामागे डोक्याच्या कडेला आणखी दोन. चार, दोन, दोन. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "रागीट दिसतो." मग मुद्द्याचं विचारलं. "मिलीबग खाईल का?"

मी खरं ते सांगितलं. पिठ्या ढेकूण वेलीच्या सालीत दडून बसतो, हा जमिनीवर धावतो. दोघांची गाठ पडायची शक्यता थोडीच. आबांनी डबी परत दिली.

तिसरा दिवस

आजचा दिवस सगळ्यात मोठा. पहाटे साडेपाचला दादाच्या गाडीतून घोटीच्या पुढे निघालो. मुंबई-आग्रा महामार्गावरून एकदा इगतपुरीच्या बाजूला लागलं की नाशिक जिल्हा बदलतो. द्राक्षाच्या तारा संपतात, भात सुरू होतो. पाऊस इथे इतका पडतो की घोटीच्या भातगिरण्यांना काम पुरवणारी खाचरं डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेली आहेत. दादाच्या कंपनीतल्या सहकाऱ्याचं गाव होतं, त्याची आई शेतावर भेटणार होती.

सूर्य वर आला आणि बसमधून दिसलेली ती पांढरी जाळी पुन्हा दिसली, आता शेकड्यांनी. बांधावरच्या गवतात आडवी अंथरलेली चादर, तिच्यावर दव, आणि एका कोपऱ्यात खाली जाणारं नळकांडं. त्या नळकांड्याच्या तोंडाशी कोळी बसलेला असतो. गंमत म्हणजे हाही लांडगा कोळ्यांच्याच कुळातला, त्याचं नाव हिपासा. कुळातल्या बहुतेकांना शिकारीसाठी जाळं लागत नाही, हा मात्र विणतो. दोघांना शेजारी ठेवलं तर फरक लगेच कळतो. हिपासाच्या मागे सूत काढायचे दोन लांब अवयव शेपटीसारखे बाहेर आलेले दिसतात, पार्डोसाचे आखूड, वरून दिसतही नाहीत. चिन्याने नळकांड्यात गवताची काडी घालून बघितली. आतला कोळी बाहेर आला, काडी तपासली आणि परत गेला. फसला नाही.

खाचरातलं पाणी कापणीसाठी सोडून दिलं होतं. वरच्या खाचरांत कापणी चालू होती, इंद्रायणीचा वास सुटला होता. सगळ्यात खालच्या खाचरात अजून घोट्याएवढं पाणी होतं. तिथल्या बांधावर मी फोम टाकून गुडघे टेकले. आणि वरून हाक आली.

"काय पडलं का गं बाई?"

तीच त्या सहकाऱ्याची आई. साठीची असेल, हातात विळा, डोक्याला पदर बांधलेला. मी सांगितलं, मावशी, काही पडलं नाही, कोळी बघतेय.

"कोळी?" तिने विळा खांद्यावर टाकला. "आम्हीच कोळी. महादेव कोळी. मलाच बघून जा की." आणि मागे वळून कापणाऱ्या बायकांना मोठ्याने सांगितलं. त्या हसल्या ते मला वाटतं अजून हसत असतील.

पण तिला ते ठाऊक होते. नाव नव्हतं माहीत, सवयी माहीत होत्या. "पाण्यावरून पळतात ते ना?" पळतातच. भाताच्या चुडाच्या तळाशी, पाण्याच्या जरा वर ते बसतात, आणि हलवलं की पाण्यावरून धावत दुसऱ्या चुडावर जातात. पाय बुडत नाहीत. तिथेच चुडाच्या तळाशी तपकिरी तुडतुडेही असतात, रस शोषत. तुडतुडा वाढला की शेतात गोल गोल चट्टे करपतात. पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा ही जात भारतापासून जपानपर्यंतच्या भातशेतीत या तुडतुड्यांवर जगते. माझ्यासमोरची हीच होती असं मात्र मी लिहिणार नाही. पार्डोसाची जात फोटोवरून ठरत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली नराचा पॅल्प आणि मादीच्या पोटाखालचा जननभाग बघावा लागतो. आपल्याकडच्या लांडगा कोळ्यांचं हे चिकाटीचं काम टिकादर आणि मल्होत्रा यांनी केलं, १९८० मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने ते प्रसिद्ध केलं. माझ्यासारख्यांनी प्रजातीपाशी थांबावं.

बांधावर बसून चहा पिताना मावशीला इंडोनेशियाची हकिकत सांगितली. तिकडे तुडतुड्याने भात खाऊन टाकला, म्हणून लोकांनी औषधं मारली, जितकी मारली तितका तुडतुडा वाढला. कारण त्याची अंडी पानाच्या देठाच्या आत, तिथे औषध पोचत नाही. मरतात ते उघड्यावर हिंडणारे कोळी. चार दिवसांनी अंडी फुटतात तेव्हा खाणारा कुणी उरलेला नसतो. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, सुहार्तोंनी, भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. मावशीने चहा संपवून कप उपडा केला. "आम्ही मारतच नाही. परवडतंय कुठं?"

आता ज्यासाठी एवढं लांबून आले ते. साडेनऊच्या उन्हात बांधाच्या कडेला एक मादी दिसली, पोटाच्या टोकाला कोश चिकटलेला. मटारच्या दाण्याहून लहान, जरा चपटा, करडा निळसर, आणि कडेने फिकट शिवण. अंडी घातली की ती त्यांना रेशमात गुंडाळते, दोन तबकड्या काठाला जोडल्यासारखा कोश करते आणि सूत काढायच्या अवयवांना चिकटवून सगळीकडे ओढत नेते. धावताना, शिकार करताना, लपतानाही. ही उन्हात तिरपी बसली होती, कोशाला ऊन लागेल अशी.

आणि मी घोटाळा केला. फोटो जवळून हवा म्हणून डबी वरून ठेवायला गेले, डबीची कडा कोशावर टेकली. मादी सुटली, कोश मागे राहिला.

ती लगेच परतली, पण नेमकी त्या जागी नाही, चार बोटं डावीकडे. पुढचे पाय आणि पॅल्प मातीवर टेकवत गोल फिरायला लागली. एक ढेकूळ चाचपलं, सोडलं. भाताचं फोल चाचपलं, ते धरून थोडं ओढलं, सोडलं. शास्त्रज्ञांनी अशा माद्यांना कोशाच्या जागी कागदाचे, कापसाचे गोळे देऊन बघितलेत, आणि त्या तेही उचलून नेतात. मला ते वाचताना मजेदार वाटलं होतं. बांधावर बसून बघताना अजिबात वाटलं नाही. मी गवताची काडी घेतली आणि कोश हळूहळू तिच्या बाजूला ढकलायला लागले. हात थरथरत होता. एकदा कोश फटीत पडला, तो काढला. पुन्हा ढकलला. तिचा पुढचा पाय त्याला लागला मात्र, ती त्याच्यावर चढलीच. जबड्यात धरला, पॅल्पने दोन-तीनदा फिरवला, शिवण कुठे ते बघितल्यासारखं. मग अंग वर उचललं, पोट खाली वाकवलं आणि टोक कोशावर टेकवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चिकटला. आणि भातात गेली.

मी मान वर केली तर मावशी कधीची पाठीमागे उभी होती, विळा तसाच हातात.

"तिचंच हरवलं होतं की मग," ती म्हणाली, आणि कापायला गेली.

फोटो एकही नाही.

संध्याकाळी परतताना अंजनेरीला थांबायचं ठरलं होतं, पण दादाला कंबरेची उसण भरली. गाडीतूनच डोंगराला हात केला.

चौथा दिवस

दुपारी परतायचं, म्हणून सकाळी नांदूर मध्यमेश्वर. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पाणथळ. रामसर या महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत याला जागा मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातली ही पहिली. हिवाळी पाहुणे नुकते यायला लागले होते. दुर्बिणी लावलेल्या मंडळींत वारकरी, जांभळी पाणकोंबडी, चमचा अशी नावं चालली होती. मी त्यांच्या पायांपाशी. एका गृहस्थांनी दुर्बीण खाली केली. "काही पडलंय का?" मी मानेनेच नाही म्हटलं. एव्हाना सराव झाला होता.

पाण्याच्या काठाला, चिखल वाळून भेगा पडलेल्या ठिकाणी, चिन्याला ती सापडली. मला नाही. "आत्या, हिला खरूज झालीये."

खरूज नव्हती, पिल्लं होती. कोशाची शिवण आईच दातांनी उसवते, पिल्लं बाहेर येतात आणि पायांवरून चढून तिच्या पोटावर बसतात, एकावर एक, थर लावून. तिथल्या गाठीदार केसांना धरून राहतात. सुमारे आठवडाभर अशीच हिंडतात. भिंगातून बघितलं तर त्या ढिगात सगळीकडे पाय आणि काळे बिंदू. ती थांबली की ढीग थांबे, ती पळाली की ढीग हले. एक पिल्लू भेगेच्या काठावर निसटलं आणि तिथेच उभं राहिलं. आई दोन इंच पुढे जाऊन थांबली होती. पिल्लू तिच्या मागच्या पायाला लागलं आणि वर गेलं. चिन्या श्वास धरून बसला होता, सोडताना "हुश्श" म्हणाला. त्या दुर्बीणवाल्या गृहस्थांनी दोनदा वाकून बघितलं, दुसऱ्यांदा मोबाइलमध्ये फोटोही काढला. तो हलला असणार.

घरी येऊन बॅग भरताना डब्या मोजल्या. अकरा. पलंगाखाली बघितलं, गॅलरीत बघितलं, ओणवी होऊन सोफ्याखाली टॉर्च मारली.

"काय हरवलंय?" वहिनी दारातून.

चिन्याने बारावी डबी आदल्या रात्रीच तुळशीपाशी नेली होती. आबांच्या बागेतला तो रागीट दिसणारा नर माझ्या डब्यांतून परत सोडायचा राहून गेला होता, आणि "आत्या, तूच म्हणतेस ना सोडायचं असतं." डबी कुंडीमागे सापडली, झाकण नाही. वहिनीने कुंडी सरकवली, झाडू घेतला, पण फिरवला नाही. बसची वेळ झाली होती. झाकण अजून नाशिकलाच आहे.